निपाणीहून थायलंडमधल्या कोराटला : एजंटाविना मिळालेली इंग्रजी शिकवायची नोकरी

२७ जुलै २०२४, शनिवार. सकाळची शाळा करून मी निपाणीहून बेळगावला गेले. कर्नाटकाची बस असल्यामुळं शक्ती योजनेत आधार दाखवून शून्य रुपयांचं तिकीट मिळालं. त्या दिवसाचा माझा खर्च म्हणजे एक चहा आणि रिक्षाचे चाळीस रुपये. समोर बसलेल्या माणसानं मात्र १,८०,००० रुपये सांगितले.

परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी लावून देणारं ते ऑफिस होतं. भिंतीवर विमानाचं पोस्टर, टेबलावर चार-पाच देशांचे छोटे झेंडे. मी तेव्हा निपाणीतल्या एका खासगी इंग्रजी शाळेत महिना १३,५०० रुपयांवर शिकवत होते. बीए कोल्हापूरला, म्हणजे शिवाजी विद्यापीठाचं. बीएड बेळगावकडचं, राणी चन्नम्मा विद्यापीठाचं. सहा वर्षांचा अनुभव. सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या पोरांचं नोकरीचं गणित तुम्हाला ठाऊक आहे, त्यात शिरत नाही.

मी विचारलं, "शाळा कुठली?"

"ते अर्धे पैसे भरल्यावर सांगतो मॅडम."

"आणि व्हिसा?"

"थायलंडला आता व्हिसाच लागत नाही. साठ दिवस फुकट. तिथं उतरा, जॉइन व्हा, कागद मागनं होतात."

अर्धं खरं होतं. त्याच महिन्याच्या १५ तारखेपासून थायलंडनं भारतीयांना साठ दिवस बिनव्हिसा राहायची मुभा दिली होती. पण ती फिरायला येणाऱ्यांसाठी. त्यावर शाळेत उभं राहून शिकवलं तर ते बेकायदा काम, आणि पकडलं तर एजंटाला कोण धरतंय? धरतात ते आपल्याला. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नुसतं पोटात गोळा आला, म्हणून "घरी विचारून सांगते" म्हणून उठले.

परतीच्या बसमध्ये, संकेश्वर यायच्या आत, मोबाइलवर परराष्ट्र मंत्रालयाचं ई-मायग्रेट पोर्टल उघडलं. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटांची यादी तिथं असते. या गृहस्थांचं नाव त्यात नव्हतं. दुसरी गोष्ट अशी कळली की नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. कुणाकडे जाणारच असाल तर दोन मिनिटं काढून एवढं बघून मगच जा.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणाला गं?" आकडा सांगितला. तिनं विड्या वळून माझं कॉलेज केलं आहे. ती काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली. त्या रात्री मी ठरवलं की आपलं आपण बघायचं.

आधी कुठल्या देशाचं दार आपल्याला उघडं आहे हे शोधायला हवं होतं, आणि एजंटाच्या गोड बोलण्यात नेमका हाच भाग कधी येत नाही. इंग्रजी शिकवायला भाषा किती येते यापेक्षा पासपोर्ट कुठला हे आधी बघतात. राग येतो, पण ते लवकर कळलेलं बरं. दक्षिण कोरियात इंग्रजी शिक्षकांचा जो नेहमीचा व्हिसा असतो, तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारताशी झालेल्या व्यापार करारामुळं आपल्याला एक अरुंद वाट आहे, पण ती माझ्या आवाक्यातली वाटली नाही. जपानात शिक्षकाच्या व्हिसासाठी जी भाषा शिकवायची त्याच भाषेच्या माध्यमात बारा वर्षं शिकलेलं असावं लागतं. माझी दहावीपर्यंतची शाळा मराठी माध्यमाची, एबीसीडी पाचवीत भेटली. जपान तिथंच खोडलं. आखातात भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा पुष्कळ आहेत आणि बीएडला तिथं मान आहे. दोन ठिकाणी अर्ज केले, उत्तर नाही. राहिले व्हिएतनाम आणि थायलंड. दोन्हीकडे पदवी, इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला आणि साक्षांकित कागद लागतात, आणि दोन्हीकडे आपल्यासारखे बिगर-गोरे शिक्षक खरंच काम करत असतात. थायलंडमध्ये फिलिपिन्सचे शिक्षक तर पावलोपावली आहेत.

एका जुन्या रजिस्टरमध्ये हे सगळं लिहून काढलं. मागच्या पानापासून नकार लिहायला सुरुवात केली, कारण ते जास्त होणार हे दिसतच होतं.

पासपोर्ट जूनमध्येच करून ठेवला होता, ते नशीब. १,५०० रुपये फी, बेळगावच्या मुख्य पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात अपॉइंटमेंट, तीन आठवड्यांत घरी. दहावी पास असल्यामुळं एमिग्रेशन क्लिअरन्सची, म्हणजे कामासाठी देशाबाहेर जायच्या सरकारी परवानगीची, भानगड लागत नाही. हे विचारून घ्या, कारण थायलंड क्लिअरन्स लागणाऱ्या देशांच्या यादीत आहे आणि ते ऐकून लोक उगाच घाबरतात.

ऑगस्टमध्ये १२० तासांचा ऑनलाइन टीईएफएल, म्हणजे इंग्रजी शिकवण्याच्या प्रमाणपत्राचा, कोर्स घेतला, १६,५०० रुपये. दोन हजारांतही प्रमाणपत्र विकणारे भेटतील. मी जो घेतला त्यात चार पाठांचं नियोजन लिहून पाठवावं लागायचं आणि कुणीतरी माणूस ते लाल करून परत पाठवायचा. पहिलं नियोजन आलं तेव्हा सहा वर्षांच्या मास्तरकीची हवा गेली. मी वर्गात जवळजवळ सगळा वेळ स्वतःच बोलते, हे कुणी तरी पहिल्यांदाच तोंडावर सांगितलं होतं.

मग आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजी किती येतं याची परीक्षा, जिला सगळे आयल्ट्स म्हणतात. फी सतरा हजार. त्यासाठी वळं पतसंस्थेत ठेवून सोनेतारण कर्ज काढलं, साठ हजार. परीक्षा १४ सप्टेंबरला पुण्यात. तारीख घेताना गणपतीचा विचारच केला नव्हता. आदल्या रात्री मावशीकडे झोपले, म्हणजे आडवी झाले. पहाटेपर्यंत ढोल. परीक्षेच्या खोलीत हेडफोन चांगला होता म्हणून वाचले. लिहिण्यात ६, बाकीच्यात बरे आले, एकूण ७. त्याचा निकाल दोन वर्षं चालतो, म्हणून फार आधी देऊन ठेवू नका.

ऑक्टोबरात ई-मेल सुरू केले. थायलंडमध्ये शाळेचं वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं, दुसरं सत्र नोव्हेंबरात. मला नोव्हेंबर गाठायचा होता. जाहिराती अजर्न डॉट कॉम या थायलंडच्या शिक्षकांच्या साइटवर बघायचे, आणि शहराचं नाव घालून नकाशावर शाळा शोधून त्यांच्या साइटवरचा पत्ता घ्यायचे. एकेचाळीस ई-मेल पाठवले. तीन उत्तरं आली. एकानं 'फक्त नेटिव्ह स्पीकर' एवढंच लिहिलं. दुसऱ्यानं मुलाखत ठरवली आणि आलाच नाही. तिसरीनं विचारलं, पासपोर्ट कुठला? मी सांगितलं. पुढं काही नाही.

दिवाळीत रजिस्टर घेऊन बसले आणि माझी चूक माझ्याच लक्षात आली. मी लांबलचक पत्र लिहीत होते, लहानपणापासून शिकवायची आवड वगैरे, आणि भारतीय असल्याचं चौथ्या परिच्छेदात, दबक्या आवाजात. जणू त्यांच्या लक्षात येणारच नाही! नवीन ई-मेल सात ओळींचा केला. पहिल्याच ओळीत भारतीय पासपोर्ट, बीए, बीएड, आयल्ट्स ७, सहा वर्षं अनुभव, मे २०२५ पासून तयार. ज्यांना भारतीय नको ते पहिल्या ओळीवर थांबतील, माझा त्यांच्यात जाणारा वेळ वाचेल. बायोडेटावर फोटो लावला, तिकडे लागतोच. आणि सात मिनिटांचा शिकवतानाचा व्हिडिओ जोडला. शाळेतल्या मुलांचे चेहरे परक्या लोकांना पाठवायचे नव्हते, म्हणून दादाची दोन पोरं आणि शेजारची तिघं गोळा करून अंगणात वर्ग भरवला. मागं कोंबडं आरवलेलं ऐकू येतं. ते काढायचं राहून गेलं, आणि पुढं मुलाखतीत दोन ठिकाणी त्याच्यावरच हसत बोलणं सुरू झालं.

शेवटचा हिशेब असा : ११७ ई-मेल, चौदा उत्तरं, पाच मुलाखती, दोन नोकऱ्या. यादी थांबवली नाही म्हणून झालं, दुसरं कारण मला दिसत नाही.

आता कागदांचं. आपल्या भागातल्या माणसांनी हे नीट वाचा, कारण आपला गुंता दोन राज्यांचा असतो.

परदेशी जाणाऱ्या पदवीवर आधी त्या त्या राज्याचा शिक्का लागतो, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. माझी बीएची पदवी महाराष्ट्राची, बीएडची कर्नाटकाची. म्हणजे एका बाईच्या दोन कागदांसाठी मुंबई आणि बेंगळुरू अशा दोन राजधान्या. बीएचं काम मी स्वतः करायचं ठरवलं. डिसेंबरात कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला गेले, तर एका वर्षाची मूळ गुणपत्रिका नाही म्हणून खिडकीवरून परत. नुसती पदवी न्यायची नसते, सगळ्या वर्षांच्या मूळ गुणपत्रिका बरोबर पाहिजेत. ती शोधायला विद्यापीठाच्या दुय्यम प्रतीचा अर्ज, चलन, तीन आठवडे. (ती नंतर पप्पांच्या एलआयसीच्या फायलीत सापडली. काय बोलणार!) जानेवारीत दुसरी फेरी. एसटीला कागलच्या पुढं बायकांना अर्धं तिकीट पडतं, तेवढाच दिलासा.

बेंगळुरूचं मात्र स्वतः केलं नाही. परराष्ट्र मंत्रालय साक्षांकनाचे कागद थेट माणसाच्या हातून घेत नाही. त्यांनी नेमलेल्या संस्था आहेत, त्यांची यादी मंत्रालयाच्या साइटवर आहे. अशाच एका संस्थेकडे बीएडचा राज्याचा शिक्का आणि पुढं दोन्हींचं मंत्रालयाचं काम दिलं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं एकदा जाऊन कागद हातानं दिले, परत कुरिअरनं आले. दादा म्हणाला, "शेवटी एजंट घेतलासच की." तर होय, घेतला. पण हा पावती देतो.

इथं एक गोष्ट कामाची. अपोस्टिल आणि साधं साक्षांकन हे वेगळं आहे. अपोस्टिल म्हणजे करारातल्या देशांत चालणारा मंत्रालयाचा शिक्का. ज्या देशानं तो करार केलाय त्यांना अपोस्टिल चालतं, त्याची सरकारी फी पन्नास रुपये. मी कागद केले तेव्हा थायलंड त्या करारात नव्हता, त्यामुळं मंत्रालयाचं साधं साक्षांकन आणि त्यावर थाई दूतावासाची मोहोर असं करावं लागलं. माझ्या ओळखीच्या एकीनं घाईनं अपोस्टिल करून ठेवलं आणि सगळं पुन्हा केलं. राज्याचा शिक्का कुठल्याही देशाला लागतोच, तो आधी उरकून घ्या. पुढचं देश ठरल्यावर.

आणि नाव. महाराष्ट्राच्या पदवीवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. कर्नाटकाच्या दहावीच्या कार्डावर माझं नाव आणि पुढं इंग्रजी आद्याक्षरं. पासपोर्टवर तिसरीच तऱ्हा. गावाचं स्पेलिंग एका कागदावर एका 'पी'चं, दुसऱ्यावर दोन 'पी'चं. जिल्हा जन्मदाखल्यावर बेलगाम, पासपोर्टवर बेळगावी, कारण १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं नाव बदललं. पुढं थायलंडच्या शाळेच्या ऑफिसातल्या बाईनं खरंच विचारलं की तुम्ही एका जिल्ह्यात जन्मला आणि दुसऱ्या जिल्ह्यात राहता का. आता सीमाप्रश्न तिला कुठून सुरू करून सांगायचा? ई-स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र केलं की या सगळ्या नावांची व्यक्ती मी एकच, नोटरीसकट ३५० रुपये. दोन मूळ प्रती करून घ्या. एक सगळीकडे दाखवायला लागते, दुसरी जपून ठेवायला.

३१ जानेवारीला जी मुलाखत झाली ती लागली. वेळ तिकडची सकाळी दहा, आपली साडेआठ. थायलंड दीड तास पुढं आहे, एकदा चुकून मी उशिरा जोडले गेले होते तेव्हापासून भिंतीवर दोन घड्याळं काढून चिकटवली होती. सव्वाआठला लाइट गेली. मोबाइलच्या नेटवर, खिडकीत बसून बोलले. समोर फिलिपिन्सच्या समन्वयक बाई आणि थाई मुख्याध्यापिका. विचारलं, तुमची मातृभाषा इंग्रजी नाही, मग पालकांना काय सांगाल? हा प्रश्न येणार हे माहीत होतं, तरी पाठ केलेलं उत्तर बाहेर आलं नाही. मी म्हणाले, आमच्या गावात घरात मराठी, बस स्टँडवर कन्नड आणि शाळेत इंग्रजी असं मुलं शिकतात, मीही तशीच शिकले, त्यामुळं 'शी गो' असं मुलगा का म्हणतो हे मला आतून कळतं. त्यावर दोघी थाईत काहीतरी बोलल्या. ८ फेब्रुवारीला ऑनलाइन डेमो पाठ घेतला, आणि १४ तारखेला करार आला. महिना २५,००० बाट, राहायला वर ३,०००. तेव्हा एक बाट अडीच रुपयांच्या जवळपास होता. गोऱ्या शिक्षकाला त्याच कामाचे जास्त मिळतात हे जाहिरातींत उघड दिसतं. मला ते आजही खुपतं. तरी पत्करलं.

दुसरी नोकरी तीन हजार बाट जास्त देणारी होती. त्यांनी लिहिलं, बिनव्हिसा या, पुढं बघू. बेळगावच्या त्या ऑफिसातलंच वाक्य! नाही म्हणून कळवलं.

करार आला तरी शाळा खरी आहे का हे कसं कळणार? मी केलं ते असं. साइटवरचा नाही, नकाशावर दिसणारा फोन नंबर लावला आणि त्या समन्वयक बाईंना बोलवा म्हटलं. त्या खरंच फोनवर आल्या. मग तिथं आधीपासून काम करणाऱ्या परदेशी शिक्षकाशी व्हिडिओवर बोलू द्या म्हणून मागणी केली, चालू वर्गाच्या मागं उभं राहून एकजण बोलला. करारात व्हिसाचा प्रकार, म्हणजे नॉन-इमिग्रंट बी हा नोकरीचा व्हिसा, लिहून मागितला. पगार दहा महिने की बारा, हे विचारलं. ११९ दिवसांचा परिविक्षा काळ कशासाठी, हेही विचारलं. तिकडे १२० दिवस भरले की कामावरून काढताना भरपाई द्यावी लागते, म्हणून तो आकडा सगळीकडे ११९ असतो. प्रश्न विचारले म्हणून कुणी नोकरी काढून घेतली नाही. आणि शाळेनं एक बाटही मागितला नाही. ज्या शाळेला पैसे हवेत ती शाळा नव्हे.

पोलिसांच्या दाखल्यासाठी २० फेब्रुवारीला पासपोर्टच्याच साइटवर अर्ज केला, ५०० रुपये. २०२२ पासून पोस्टातल्या केंद्रांतही हे काम होतं, त्यामुळं बेळगावातच झालं. १२ मार्चला हातात आला.

तो मार्च घरच्यांसाठी वाईट गेला. म्यानमारच्या म्यावाड्डी भागात सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकलेल्या भारतीयांना थायलंडच्या माए सोतमधून वायुदलाच्या विमानांनी परत आणलं, १० मार्चला २८३ जण. नोकरीच्या आमिषानं नेलेली पोरं. 'तरुण भारत' घेऊन पप्पा माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. काही न बोलता पान पुढं केलं. मी करार, फोन नंबर, शाळेचा पत्ता, त्या शिक्षकाचा व्हिडिओ, सगळं त्यांच्यासमोर मांडलं. बँकॉकमधल्या भारतीय दूतावासाचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये घातला. ते म्हणाले, "बघ बाई." मग २८ तारखेला म्यानमारचा भूकंप झाला, बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेली मोठी इमारत कोसळली, आणि तो व्हिडिओ आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मोबाइलवर दोनदा तरी आला. आई म्हणाली, "एवढ्या लांब एकटी जातीयास होय गं, अजून इचार कर." त्या आठवड्यात मीही मनातून हलले होते, हे खोटं कशाला बोलू. वहिनीनं तेवढं विचारलं, नाही गेलीस तर जूनमध्ये काय करशील? परत तीच शाळा, तेच १३,५००.

१ एप्रिलला शाळेची पत्रं आली. त्यावरच्या तारखा वाचून दचकले, साल २५६८. थायलंडमध्ये बौद्ध शक चालतो, आपल्या सनात ५४३ मिळवायचे. व्हिसाचा अर्ज आता पूर्ण ऑनलाइन आहे, १ जानेवारी २०२५ पासून. नाहीतर पंचाईत होती. पत्ता कर्नाटकाचा असल्यामुळं आमची हद्द चेन्नईच्या थाई वाणिज्य दूतावासाची. निपाणीच्या माणसाला मुंबई म्हणजे रात्रीची गाडी, चेन्नई म्हणजे देशाचं दुसरं टोक. ३ एप्रिलला अर्ज भरला, फी पाच हजारांच्या आसपास. फोटो दोनदा परत आला, पार्श्वभूमी पांढरीशुभ्र नाही म्हणून. मग सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागितलं. आणि मध्येच सोंगक्रान, थाई नववर्ष, १३ ते १५ एप्रिल. कचेऱ्या बंद. या सणाच्या आसपास अर्ज भरणार असाल तर दोन आठवडे जास्तीचे धरा. २२ एप्रिलला रात्री जेवताना ई-मेल आला. ताटावरून उठून प्रिंट काढायला गेले, झेरॉक्सवाला शटर ओढत होता.

मुंबईहून ५ मेचं तिकीट, १३,९०० रुपये. १ मेपासून थायलंडला उतरण्याआधी डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी. बँकॉकला मो चित बस स्थानकावरून कोराटची गाडी धरली. नकाशावर नाखोन राचासिमा असं लिहिलेलं असतं, बोलताना कुणी तसं म्हणत नाही. बॅगेत आईनं दिलेली चटणी होती आणि आपल्याकडचा मसाला. विमानतळावर कुणी उघडून बघितलं नाही.

खर्च विचारणारे पुष्कळ आहेत म्हणून लिहिते. पासपोर्ट, कोर्स, आयल्ट्स, पुण्याची फेरी मिळून ३७,३००. कागदांचे प्रवास, फी आणि त्या संस्थेचं मिळून १७,६००. दाखला आणि प्रतिज्ञापत्र ८५०. व्हिसा आणि तिकीट १८,९००. एकूण ७४,६५०. शिवाय पहिल्या पगारापर्यंत खोलीचं डिपॉझिट आणि खाण्यापिण्याला चाळीस हजार हाताशी. एजंटाच्या १,८०,००० मध्ये कोर्स, परीक्षा, कागद यातलं काहीच नव्हतं, ते तरीही मलाच करायचं होतं.

इथं आल्यावरचं थोडक्यात. वर्क परमिटसाठी डॉक्टरचा दाखला लागतो, त्यात क्षयरोग, कुष्ठरोग आणि हत्तीरोग नाही असं लिहितात. डॉक्टरांनी पायाकडे बघितलं आणि सही केली. वर्षाच्या परमिटची फी ३,००० बाट आणि अर्जाचे १००, माझ्या करारात ती शाळेकडे होती, तुमच्या करारात बघून घ्या. कुरुसपा म्हणजे इथली शिक्षक परिषद, तिच्या तात्पुरत्या परवान्याला बीएडचा उपयोग झाला. व्हिसा फक्त नव्वद दिवसांचा असतो. जुलैअखेर इमिग्रेशन कचेरीत जाऊन १,९०० बाट भरून तो वर्षाचा करून घेतला. शाळेच्या बाई बरोबर होत्या, नाहीतर थाई फॉर्म माझ्या बापजन्मात भरता आला नसता.

दिवाळीला घरी जायचं आहे. त्याआधी १,००० बाटचा री-एंट्री परमिट काढायचा आहे. तो न काढता देशाबाहेर पाऊल टाकलं की वर्षाची मुदतवाढ तिथल्या तिथं रद्द होते. गेल्या वर्षी आमच्याच शाळेतल्या एकाचं तसं झालं, बिचाऱ्याला व्हिसापासून परत सुरुवात करावी लागली. मी अर्ज भरून ठेवलाय, फोटोही पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीचा काढलाय. परतताना पतसंस्थेतून वळं सोडवायचं आहे. आईनं येताना इकडचा सुवासिक तांदूळ आणायला सांगितलाय, किती किलो ते अजून ठरत नाही.